धक्क्यांच्या नोंदी उघड्या करा: भूमिगत खाणी चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
भूमिगत खाणींचे मालक व व्यवस्थापक, तसेच खाण सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या शासकीय यंत्रणांचे सर्व अधिकारी यांस

विषय: खाणकामामुळे बसणाऱ्या भूकंपीय धक्क्यांच्या नोंदी कामगार, रहिवासी आणि स्वतंत्र अभ्यासक यांना खुल्या करण्याबाबत

स.न.वि.वि.

खोल भूमिगत खाणीत आज भूकंपमापकांचे जाळे असते. खडकात भोके पाडून त्यांत जिओफोन, म्हणजे खडकाची थरथर टिपणारी छोटी यंत्रे, बसवलेली असतात, त्यांच्या तारा एका खोलीत येतात आणि खडकाची हालचाल दिवसरात्र नोंदली जाते. धक्का किती वाजता बसला, कुठे बसला, केवढा होता, याची यादी सतत लांबत राहते. ही यादी पाहतो कोण? खाणीचा भूकंपतज्ज्ञ, त्याचे वरिष्ठ आणि अधूनमधून येणारा निरीक्षक. पाळीवर खाली उतरणाऱ्या माणसापर्यंत ती बहुतेक वेळा पोहोचत नाही. खाणीच्या डोक्यावर ज्यांची घरे आहेत, त्यांना तर अशी यादी असते हेच ठाऊक नसते. ती उघडी करा, एवढेच मागण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. पुढे जे लांबलचक लिहिले आहे, ते ही मागणी हट्ट नाही हे पटावे म्हणून.

माणसाने खडक पोखरला की जमीन हलते, हे आपल्याला नव्याने कळलेले नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या पट्ट्यावर १८८६ नंतर जोहान्सबर्ग उभे राहिले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथल्या लोकांना घरबसल्या धक्के जाणवू लागले. १९०८ मध्ये सरकारने त्यासाठी समिती नेमली. तिने जे कारण सांगितले त्यात आजही फारसा बदल करावा लागत नाही: खाली न खोदता ठेवलेल्या खडकाच्या खांबांवर वरचा भार वाढत जातो, ते अचानक खचतात, आणि ताण सुटताना होणारी थरथर वरपर्यंत पोहोचते. १९१० मध्ये शहराच्या वेधशाळेत भूकंपमापकही बसला. त्याला शतक उलटून गेले. तरीही खाणीत माणसे दगावली की पहिल्याच निवेदनात ‘नैसर्गिक आपत्ती’ हे शब्द येतात. याचा मला मनापासून राग आहे, आणि तो का आहे हे पुढे येईलच.

आधी खडकाचे सांगतो. एक किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा दाब साधारण २७ मेगापास्कल असतो. तीन किलोमीटरवर तो ८० च्या घरात जातो, म्हणजे एका चौरस मीटरवर सुमारे आठ हजार टन. हा भार खडकाने युगानुयुगे वाटून घेतलेला असतो. त्यातला एक भाग आपण उचलून नेला म्हणून त्याच्या वाट्याचा भार नाहीसा होत नाही. तो शेजारच्या खडकावर जातो. मांडवाचे खांब एकेक काढत गेलो तर उरलेल्यांचे जे होईल, तेच इथे होते. चार भागांतले तीन भाग काढले तर उरलेल्या एका भागावर चौपट भार येतो.

मऊ खडक अशा वेळी दबतो, हळूहळू सरकतो. क्वार्टझाइटसारखा कडक आणि ठिसूळ खडक शेवटपर्यंत तग धरतो आणि मग एका क्षणात फुटतो. यालाच रॉकबर्स्ट म्हणतात. लहान असेल तर भिंतीतून दगडाच्या चिपा उडतात. मोठा असेल तर टनावारी दगड सेकंदाला कित्येक मीटर वेगाने बोगद्यात फेकला जातो आणि छताला ठोकलेले साधे बोल्ट तुटून पडतात. अनुभवी कामगाराला त्याआधीची कुरबुर ऐकू येते. आत कुठेतरी टकटक होते, छतातून बारीक भुकटी गळते, एखादी खपली आपोआप सुटते. ‘खडक बोलतोय’ असे म्हणत तो मागे सरतो. भूकंपमापक हेच ऐकतो, फक्त माणसाच्या कानाला जे कधीच ऐकू येणार नाही तेही ऐकतो. आणि या ऐकण्यातून गेल्या काही दशकांत जे हाती लागले आहे, ते फार मोलाचे आहे. खाणीतले धक्के वाटेल तसे बसत नाहीत. त्यांना वेळ असते, जागा असते, आकाराचा हिशेब असतो.

वेळेचेच पाहा. जिथे ठरलेल्या वेळी सगळे सुरुंग एकदम उडवतात, अशा एखाद्या खोल सोन्याच्या खाणीची महिनाभराची यादी घ्या. तारखा बाजूला ठेवा आणि प्रत्येक धक्का दिवसाच्या कोणत्या तासाला बसला तेवढेच कागदावर मांडा. चोवीस तासांच्या त्या आलेखात एक उंच सुळका दिसतो, सुरुंगाच्या वेळेवर. त्यानंतरच्या तासांत तो उतरत जातो: आधी झपाट्याने, मग सावकाश. मोठ्या नैसर्गिक भूकंपानंतरचे उत्तरधक्के ज्या नियमाने कमी होतात, त्याच ओमोरीच्या नियमाने. आता तीच यादी वारांनुसार मांडा. सुट्टीच्या दिवशी संख्या खाली येते. नैसर्गिक भूकंपाला वार नसतो. खाणीतल्या धक्क्यांना असतो. धक्के कामातून येतात याचा याहून सरळ पुरावा मागायची गरज नाही.

सुरुंगानंतर किती वेळ कोणी आत जायचे नाही, हे याच उतारावरून ठरते. पण इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण तिच्यावर जीव अवलंबून असतात. खाणीतल्या धक्क्यांची ढोबळमानाने दोन कुटुंबे आहेत. पहिले कुटुंब लहान धक्क्यांचे. ते खोदकामाच्या तोंडापाशी बसतात, सुरुंगाच्या वेळेला धरून बसतात आणि तोंड पुढे सरकले की त्याच्यासोबत पुढे सरकतात. दुसरे कुटुंब मोठ्या धक्क्यांचे. ते आधीपासून खडकात असलेल्या प्रस्तरभंगांवर (ज्यांच्या दोन बाजू एकमेकींवरून घसरू शकतात अशा मोठ्या भेगांवर) किंवा डाईकच्या (खडकात भिंतीसारख्या घुसलेल्या दुसऱ्या खडकाच्या) कडांवर बसतात, कधी तोंडापासून शेकडो मीटर दूर, आणि सुरुंगाची वेळ ते पाळतीलच असे नाही. म्हणजे दोन-चार तास थांबून आत जाण्याचा नियम पहिल्या कुटुंबापासून बऱ्यापैकी वाचवतो, दुसऱ्यापासून फारसा नाही. पाळीवर जाणाऱ्या किती कामगारांना हे कोणी समजावून सांगितले आहे? थांबण्याची वेळ संपली म्हणजे धोका संपला, असेच त्याला वाटत राहते, कारण त्याला घड्याळाखेरीज दुसरे काही दाखवलेलेच नसते.

आकाराचा हिशेब तर कोणीही मांडू शकेल इतका सोपा आहे. सर्वसाधारणपणे तीव्रतेच्या एकेका अंकाला धक्क्यांची संख्या सुमारे दहापटीने घटते. १ तीव्रतेचे हजार धक्के असतील तर २ चे शंभर, ३ चे दहा. ऊर्जा मात्र दर अंकाला सुमारे ३२ पटीने वाढते. लहान-मोठ्यांचे हे प्रमाण बदलू लागले, लहानांच्या मानाने मोठे वाढू लागले, तर खडकातला ताण चढतो आहे असे समजायला जागा असते. हे एका धक्क्यावरून दिसत नाही, यादीवरून दिसते. म्हणून ‘काल फक्त १.८ चा होता’ हे व्यवस्थापनाचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. शिवाय १.८ चा धक्का वीस मीटरवर बसला तर तो जीव घेऊ शकतो, एक किलोमीटरवर बसला तर कळणारही नाही. अंतर न सांगता नुसता आकडा सांगणे म्हणजे अर्धीच माहिती देणे.

आणि किती खणले, याच्याशीही धक्क्यांचा संबंध आहे. भूकंपशास्त्रज्ञ आर्थर मॅकगार यांनी १९७६ मध्ये दाखवले की खाणीत जेवढी पोकळी मिटते, छत आणि तळ जेवढे जवळ येतात, त्या आकारमानाला खडकाच्या दृढतेने (वाकण्या-सरकण्याला तो किती विरोध करतो त्या मापाने) गुणले की तिथल्या सर्व धक्क्यांच्या एकूण भूकंपीय आघूर्णाचा, म्हणजे ज्यावरून तीव्रता काढतात त्या मापाचा, अंदाज येतो. हजार घनमीटर पोकळी मिटली आणि खडकाची दृढता ३० गिगापास्कल धरली, तर तो सगळा हिशेब एकाच धक्क्यात चुकता झाल्यास त्याची तीव्रता २.९ च्या आसपास येते. प्रत्यक्षात बराचसा भाग आवाज न करता, सावकाश मिटतो. तरीही अर्थ स्पष्ट आहे: कुठून किती काढायचे, कोणत्या क्रमाने काढायचे आणि मोकळी जागा भरून घ्यायची की तशीच सोडायची, हे ठरवताना पुढच्या वर्षांच्या धक्क्यांचाही काही अंशी निर्णय होत असतो. हा निर्णय तुमच्या टेबलावर होतो. त्यात निसर्गाचा हात आहेच, पण सगळे खापर त्याच्यावर फोडता येणार नाही.

आता त्या ‘नैसर्गिक आपत्ती’विषयी.

अमेरिकेतल्या युटा राज्यात क्रँडल कॅन्यन नावाची कोळशाची खाण होती. ६ ऑगस्ट २००७ च्या पहाटे तिथे ३.९ तीव्रतेच्या हादऱ्याची नोंद झाली आणि सहा कामगार आत अडकले. भूकंप झाला आणि त्यामुळे खाण कोसळली, असे मालकाने पत्रकारांना पुन्हा पुन्हा सांगितले. भूकंपशास्त्रज्ञांनी लहरी पाहिल्या. प्रस्तरभंगाची एक बाजू दुसरीवरून घसरते तेव्हा काही दिशांच्या केंद्रांवर जमिनीची पहिली हालचाल वर होते आणि काहींवर खाली. पोकळी कोसळते तेव्हा मात्र चहूबाजूंचा खडक आत ओढला जातो, आणि भोवतालच्या प्रत्येक केंद्रावर पहिली रेघ खालीच जाते. क्रँडल कॅन्यनच्या नोंदींत ती खाली गेली होती. म्हणजे भूकंपाने खाण कोसळली नव्हती. खाण कोसळली, आणि तीच भूकंप म्हणून नोंदली गेली. दहा दिवसांनी, अडकलेल्यांना सोडवायला गेलेल्या पथकावर कोळशाची भिंत फुटली आणि आणखी तिघे गेले. ते सहा जण कधीच सापडले नाहीत.

त्या घटनेत दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, हे सिद्ध होऊ शकले कारण खाणीच्या कुंपणाबाहेर युटा विद्यापीठाचे आणि इतर संस्थांचे भूकंपमापक होते. कुंपणाच्या आत असलेल्या नोंदींवरच सगळे अवलंबून असते, तर काय झाले असते? दुसरी गोष्ट त्याहून जिव्हारी लागणारी आहे. खाण सुरक्षा प्रशासनाच्या २००८ च्या चौकशीत दिसले की त्या पहाटेआधी, त्याच वर्षी, तीन वेळा कोळसा फुटून उडाला होता आणि त्याची खबर नियमाप्रमाणे तातडीने दिलीच गेली नव्हती.

हीच कहाणी सत्तेचाळीस वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत घडून गेली होती. कोलब्रूकच्या कोळसा खाणीत २१ जानेवारी १९६० रोजी शेकडो खांब पाठोपाठ मोडले आणि ४३५ माणसे गाडली गेली. एक खांब मोडला की त्याचा भार शेजारच्यावर, तो मोडला की त्याच्या शेजारच्यावर, असे ते लोण पसरत गेले. पण त्याआधी, २८ डिसेंबर १९५९ रोजी, त्याच खाणीचा एक भाग कोसळला होता. तेव्हा कोणी गेले नाही. निरीक्षकांना कळवले नाही. काम चालू राहिले. चोवीस दिवसांचा अवधी खडकाने दिला होता.

कोलब्रूकनंतर सालामॉन आणि मन्रो या संशोधकांनी टिकलेले ९८ आणि कोसळलेले २७ अशा खांबांच्या प्रत्यक्ष उदाहरणांचा अभ्यास केला आणि १९६७ मध्ये खांबांच्या मजबुतीचे सूत्र मांडले. त्या सूत्राने पुढे किती जीव वाचवले असतील त्याची गणती नाही. हे शक्य झाले कारण त्या १२५ ठिकाणांची माहिती कोणीतरी एकत्र ठेवली आणि अभ्यासकांच्या हाती दिली. कोसळलेल्या खांबाची माहिती दाबून ठेवली असती, तर सूत्र फक्त टिकलेल्या खांबांवर बेतले गेले असते आणि ते सरळसरळ चुकले असते.

तुमच्याकडून येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. सर्वांत जड आक्षेप असा की धक्क्याचे भाकीत करता येत नाही, मग यादी दाखवून उपयोग काय. पहिला अर्धा भाग खरा आहे. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी एवढा धक्का बसेल असे आज जगात कोणीही सांगू शकत नाही. कधी धक्के वाढत जाऊन मोठा येतो, कधी वाढून आपोआप शमतात, तर कधी काहीही चाहूल न लागता येतो. हे कामगारापासून लपवण्यासारखे नाही. हेच त्याला आधी सांगायला हवे. पण या भागात गेल्या महिन्यापेक्षा धोका वाढला आहे का, तोंड एखाद्या प्रस्तरभंगाजवळ पोहोचते आहे का, सुरुंगानंतरचा उतार नेहमीसारखा उतरला की मध्येच अडला, हे यादीवरून सांगता येते आणि खाणींत रोज सांगितलेही जाते. फक्त ते वरच्या मजल्यावर सांगितले जाते. भाकीत होत नाही म्हणून यादी निरुपयोगी असती, तर तुम्ही स्वतः तिच्यावर एवढा खर्च केला नसता.

लोक घाबरतील, असेही म्हणतात. जर्मनीच्या सारलँडमध्ये २३ फेब्रुवारी २००८ रोजी कोळसा खाणीमुळे ४.० तीव्रतेचा धक्का बसला, चर्चच्या मनोऱ्यावरून दगड पडले. लोक रस्त्यावर उतरले, खाणकाम लगेच थांबवले गेले, आणि २०१२ मध्ये तिथला कोळसा कायमचा बंद झाला. व्यवस्थापनाच्या नजरेने पाहिले तर हे उदाहरण भीतिदायक आहे, हे मी मान्य करतो. पण त्या लोकांना धक्के आधीपासून जाणवत होतेच. भिंतीला गेलेली चीर यादी लपवून बुजत नाही. भीती धक्क्यातून येते. धक्क्यानंतर कोणी काही सांगत नाही, म्हणून ती वाढत राहते.

व्यापारी गुपिताचा मुद्दा मी पूर्णपणे झिडकारत नाही. धक्क्यांच्या अचूक जागांवरून कुठे किती खनिज काढले जाते, याचा अंदाज प्रतिस्पर्ध्याला येऊ शकतो. त्यासाठी लोकांना दिल्या जाणाऱ्या यादीत जागा काहीशे मीटरपर्यंत ढोबळ करता येते आणि मूळ लहरींची अचूक नोंद नियामकाकडे व एखाद्या स्वतंत्र भूकंपशास्त्रीय संस्थेकडे ठेवता येते. यात अशक्य काही नाही. पोलंडच्या विज्ञान अकादमीच्या भूभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने मानवनिर्मित भूकंपांच्या नोंदींचे एक खुले व्यासपीठ चालते, ‘एपिसोड्स’ नावाचे. तिथे पोलंडच्या खाणींमधल्या धक्क्यांच्या याद्या जगातला कोणीही अभ्यासक पाहू शकतो. आणि पोलंड म्हणजे काही धक्क्यांपासून सुटलेला देश नव्हे. रुडना तांबे खाणीत २०१६ मध्ये आठ, झोफिउव्का कोळसा खाणीत २०१८ मध्ये पाच आणि २०२२ मध्ये दहा माणसे धक्क्यांत आणि त्यानंतर सुटलेल्या मिथेन वायूत दगावली. यादी खुली केली की मृत्यू थांबतात, असा दावा मी करत नाही. एवढेच म्हणतो की इतकी जोखीम असलेला देश हे करू शकतो, तर बाकीच्यांना कारण सांगावे लागेल.

खरे कारण नुकसानभरपाईचे आहे, असे मला वाटते. यादी खुली झाली की तडा गेलेल्या घराचा मालक वेळ आणि तारीख घेऊन दारात येईल. येऊ द्या. तो खोटा असेल तर तीच यादी त्याला खोटा ठरवेल.

नोंदी खुल्या करणे म्हणजे संकेतस्थळावर वर्षातून एकदा जाडजूड अहवाल टाकणे नव्हे. खाली उतरण्याआधी, जिथे दिव्यांचे वाटप होते तिथे, मागच्या चोवीस तासांतल्या धक्क्यांचा नकाशा भिंतीवर लागला पाहिजे, कामगाराच्या भाषेत. तो कोणत्या भागात चालला आहे आणि तिथे काल काय झाले, हे त्याला बोटाने दाखवता आले पाहिजे. खडक बोलू लागला असे त्याला वाटले, तर काम थांबवण्याचा हक्क त्याला कागदावर असतो; पण ज्याच्यापुढे नोंदी नाहीत त्याला तो हक्क वापरताना वरिष्ठापुढे नुसता अंदाज मांडावा लागतो, आणि अंदाजाला कोण विचारतो? पुन्हा आत जाण्याची परवानगी देणारा माणूस उत्पादनाच्या आकड्यांना जबाबदार असता कामा नये. सुरुंगानंतरच्या उताराकडे पाहताना ज्याच्या मनात महिन्याचे टनाचे लक्ष्य आहे, त्याला तो उतार लवकर उतरलेला दिसतो. ही त्या माणसाची खोट नाही, त्याला बसवलेल्या जागेची आहे.

मोठ्या आपत्तीतून खाणींनी शिकल्याची उदाहरणेही आहेत, ती विसरून चालणार नाही. कॅनडात सडबरीजवळच्या फाल्कनब्रिज खाणीत २० जून १९८४ रोजी रॉकबर्स्टमध्ये चार कामगार गेले. त्यानंतर ओंटारियो प्रांताने चौकशी नेमली, खाणी आणि संशोधकांचा संयुक्त कार्यक्रम सुरू झाला, भूकंपमापकांची जाळी वाढली. झटका बसला तरी न तुटता थोडे ताणले जाणारे बोल्ट आज खोल खाणींत वापरतात, तेही अशाच दुःखद अनुभवांतून आलेले आहे. चिलीतल्या एल तेनिएन्ते या तांब्याच्या प्रचंड खाणीने धक्क्यांशी अनेक दशके झगडून खोदण्याचा क्रमच बदलला, खडक आधीच पाण्याच्या दाबाने तडकवून ताण हलका करण्याची पद्धत आणली. तिथेही ३१ जुलै २०२५ रोजी ४.२ तीव्रतेच्या धक्क्यानंतर सहा माणसे गेली. जगातल्या सर्वांत जास्त अभ्यासलेल्या खाणींपैकी ही एक. म्हणून मी म्हणतो, कोणत्याही एका खाणीच्या तज्ज्ञांनी एकट्याने आपल्या यादीकडे पाहत बसणे पुरेसे नाही. स्वीडनच्या किरुनात २०२० च्या मे महिन्यात ४.२ चा धक्का बसला, खाणीचा मोठा भाग खराब झाला, सुदैवाने कोणी दगावले नाही. किरुनाची यादी चिलीने पाहावी, चिलीची पोलंडने, पोलंडची दक्षिण आफ्रिकेने. खडक वेगळे आहेत, खोदण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. पण दोन कुटुंबांची ती गोष्ट, सुरुंगानंतरचा तो उतार, सगळीकडे सारखाच आहे.

शेवटचा मुद्दा बंद खाणींचा, आणि नियामकांनो, हा मुख्यतः तुमच्यासाठी आहे. खाण बंद झाली की पंप थांबतात, पोकळ्यांत पाणी चढते, ते प्रस्तरभंगांच्या फटींत शिरते आणि त्यांच्या दोन बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारी पकड सैल करते. कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. तिथली चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल गेलेली होती आणि रॉकबर्स्टसाठी जगभर ओळखली जात होती. काम थांबल्यावर धक्के थांबले नाहीत. दक्षिण आफ्रिकेत क्लर्क्सडॉर्प भागात ९ मार्च २००५ रोजी ५.३ तीव्रतेचा धक्का बसला, दोन खाणकामगार गेले आणि स्टिलफाँटेन गावात इमारतींचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर मुख्य खाण निरीक्षकांनी नेमलेल्या चौकशीत बंद खाणींत चढणाऱ्या पाण्याचा प्रश्नही विचारात घेतला गेला. नऊ वर्षांनी, ५ ऑगस्ट २०१४ रोजी, जवळच्याच ऑर्कनीत ५.५ चा धक्का बसला, तो तर खोदकामाच्या कितीतरी खाली, सुमारे पाच किलोमीटरवर. खाण बंद असो वा चालू, वरच्या गावांना किंमत मोजावी लागते: जर्मनीत फोल्कर्सहाउझेन गावाखालच्या पोटॅशच्या (खतासाठी लागणाऱ्या क्षारांच्या) खाणीत १३ मार्च १९८९ रोजी तीन हजारांवर खांब एका दमात कोसळले, ५.६ तीव्रता नोंदली गेली, गावातली बहुतेक घरे खिळखिळी झाली. त्या घरांत राहणारी माणसे खाणीच्या कोणत्याही पाळीत नव्हती.

आज होते असे की खाण बंद होताच जाळे उखडले जाते, जिओफोनच्या तारा कापल्या जातात, संगणक भंगारात जातो आणि त्याच्यासोबत वीस-तीस वर्षांच्या लहरी जातात. खाणबंदीच्या मंजुरीवर सही करण्याआधी ती संपूर्ण यादी, मूळ लहरींसकट, स्वतंत्र संस्थेकडे जमा झाल्याची पावती मागा. पाणी चढून स्थिर होईपर्यंत, आणि त्यानंतरही काही वर्षे, निदान पाच-सहा भूकंपमापक चालू ठेवण्याचा खर्च खाण चालू असतानाच बाजूला काढून घ्या. पाण्याची पातळी आणि धक्क्यांची नोंद एकाच कागदावर, दर महिन्याला, त्या गावांच्या सभेत वाचली जाऊ द्या.

या पत्राचे उत्तर मला खाजगीत नको. तुमच्या खाणीत किती भूकंपमापक चालू आहेत, त्यांची यादी आज कोण कोण पाहू शकतो, आणि पाळीवरच्या माणसाला ती कोणत्या दिवसापासून दिसेल, ही तीन उत्तरे खाणीच्या फाटकावर लावा.

आपला विश्वासू,
खाणकंपनांच्या नोंदींचा एक अभ्यासक